सातव्या वहीतली बाई

मावशी, तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्यावर रागावलेलो होतो. परवाच्या शनिवारी तुझं सगळं पार पडलं, हॉलमधल्या खुर्च्या उचलून झाल्या, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांचं तुझ्याशी कधी भांडण झालं नसावं.

तुझ्या माणसांनी माझ्याकडून एक पान ट्रिब्यूट लिहून घेतलं, इंग्रजीत. त्यात मी लिहिलं की तू फार चांगली गिऱ्हाईक होतीस. मीच लिहिलं, मीच छापलं, आणि मशीनमधून बाहेर येताना वाचून मलाच लाज वाटली. चांगली गिऱ्हाईक तू एक दिवससुद्धा नव्हतीस. म्हणून हे दुसरं लिहितो आहे, मराठीत. इंग्रजीत तुला आंटी म्हणायचो, पण मराठीत तू मावशीच. 'माय मरो, मावशी जगो' ही आमची म्हण मी तुला एकदा सांगितली होती. तू म्हणालीस, "यात विशेष काय? आमच्यात आईच्या बहिणीला आईच म्हणतात."

तू पहिल्यांदा टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या माझ्या छपाईच्या दुकानात आलीस त्याला अकरा वर्षं झाली. बाहेर बर्फ होता. तू बूट न झाडता सरळ काउंटरपाशी आलीस. मी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला शिकलो, इकडे आल्यावर वॉनच्या वेअरहाउसमध्ये सहा वर्षं खोकी उचलली, आणि मग ते दुकान टाकलं. माणूस दारातून आत आला की तो किती ताणेल हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. तुझं कळलं नाही. तू किंमत विचारलीस, मी सांगितली. तू तुझी सांगितलीस आणि गप्प बसलीस. भांडणारं गिऱ्हाईक मी दहा मिनिटांत वळवतो. गप्प बसणाऱ्यापुढं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी मीच खाली आलो, आणि तू म्हणालीस, "थँक यू, प्रिंटर," जसं काही मीच मोठ्या मनानं दिलं होतं.

तुमच्या घानाच्या लोकांत माणूस गेला की नुसतं पुरून भागत नाही, पुस्तिका लागते. चांगल्या कागदाची, रंगीत फोटोंची. तिच्यात प्रार्थना असतात, त्याच्या घराण्याची हकीकत असते, आणि बायको, मुलं, भाचे, शेजारी, प्रत्येकानं त्या गेलेल्या माणसाला उद्देशून लिहिलेलं पत्र असतं. शनिवारी हॉलमध्ये ती पत्रं मोठ्यानं वाचतात. टोरांटोत तुमच्या माणसांच्या अशा पुस्तिका तू जुळवायचीस. कुणी नेमलं नव्हतं. निवृत्त नर्स, हातात वेळ आणि अक्षर चांगलं, एवढंच भांडवल.

आपलं पहिलं खरं भांडण तुझ्या तिसऱ्या पुस्तिकेवरून झालं. एक म्हातारा सुतार गेला होता. तू दिलेल्या कागदावर घराण्याचा तक्ता होता आणि त्याच्या टोकाला त्याच्या आईची आई होती. खाली बहिणी, बहिणींची मुलं. त्याची स्वतःची मुलं एका कोपऱ्यात. मला वाटलं, म्हातारीनं घाईत उलटंपालटं लिहिलं आहे. वंशावळ कशी असते हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? मी ती सुधारली. वर आजोबा, मग बाप, मग तो, खाली त्याचे दोन मुलगे. प्रूफ दाखवायला वेळ नव्हता. चारशे प्रती काढल्या आणि गुरुवारी सकाळी अभिमानानं तुझ्यापुढं ठेवल्या.

"हा कोण?" तू विचारलंस.

"त्याचा बाप."

"आणि ही मुलं?"

"त्याचीच की."

"ती त्यांच्या आईची. आईच्या घरची. आमच्यात रक्त आईकडून येतं, प्रिंटर. आबुसुआ म्हणतात, आईचं घराणं. तू मेलेल्या माणसाला भलत्याच घरात नेऊन बसवलंस. शनिवारी त्याची बहीण हे उघडेल आणि तिला कळेल की तिला भाऊ नव्हताच."

मी ओरडलो. म्हणालो, सगळ्या जगात वंश बापाकडून चालतो.

"कुठल्या जगात?" तू शांतपणे विचारलंस आणि अंगातला कोट न काढता स्टुलावर बसलीस. नव्या प्रती निघेपर्यंत उठली नाहीस. सुनंदानं, माझ्या बायकोनं, चहा दिला तर त्यात चार चमचे साखर घातलीस. मग तिच्या शेजारी बसून पुस्तिकांना पिना मारू लागलीस. शुक्रवारी दुपारी शेवटचं खोकं गाडीत ठेवताना तू मला म्हणालीस, "आता तुला येतं." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं तेवढं एकच सर्टिफिकेट.

त्यानंतर मला खरंच येऊ लागलं. तुमच्यातलं कोण कुणाचं कोण, हे मला माझ्या स्वतःच्या नात्यागोत्यापेक्षा नीट पाठ झालं. तुझ्या जेन स्ट्रीटवरच्या अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात मी कागद न्यायला यायचो तेव्हा तिथे कुणी ना कुणी रडत लिहीत बसलेलं असायचं. टाइप करून आणलेलं तू घेत नव्हतीस. म्हणायचीस, टाइप केलेली दुःखं सगळी एकसारखी दिसतात. हातानं लिहायचं, तुझ्यासमोर बसून. एका मुलानं लिहिलं होतं, 'ही वॉज अ लव्हिंग फादर.' तू ते खोडलंस.

"लव्हिंग म्हणजे काय करायचा?"

पोरगा पेन खाली ठेवून आठवू लागला. मग म्हणाला, "रविवारी चर्चला जायच्या आधी आम्हा पाचही जणांचे बूट पॉलिश करायचा. आई झोपलेली असायची."

"ते लिही."

मी दारात कागद धरून उभा होतो. माझ्या बापानं कुणाचे बूट पुसले होते की नाही, ते आठवायला लागलो. तू मला म्हणालीस, "गावात सांगणारे होते, तेव्हा लिहायची गरज नव्हती. इथे सांगणारा बेसमेंटमध्ये एकटा मरतो आणि नातवंडं डोनट खात विचारतात, हू वॉज ही?" माझ्या घरातही मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं.

मग गेल्या वर्षी तू सात वह्या आणल्यास. डॉलर स्टोअरमधल्या, शाळेच्या. म्हणालीस, "हे माझ्या घरचं. याची पुस्तिका नाही, पुस्तक कर." सहा वह्या मी वाचल्या. तुझ्या आईचं कोकोचं शेत, तिनं भावाशी घातलेला वाद, कुमासीच्या बाजारात कापड विकणारी तुझी आजी, तू नर्सिंगला निघालीस तेव्हा घरातल्या बायकांनी तुला दिलेलं एक एक कापड. चांगलं होतं. तुझ्यासारखंच होतं, पाल्हाळ नाही. सातवी उघडण्याआधी तूच सांगितलंस तिच्यात काय आहे ते.

तुझ्या आईच्या आजीची आई घरातली नव्हती. उत्तरेकडून विकत आणलेली पोर होती. घरात वाढली, घरातल्याच माणसापासून तिला मुलं झाली, आणि तिला स्वतःचं घराणं उरलेलं नसल्यामुळं ती मुलं मालकाच्या घराण्यात धरली गेली. पुढं तक्त्यात तिला त्या घरातल्या मुलीची बहीण म्हणून बसवलं. घरात सगळ्यांना माहीत, आणि बोलायची बंदी. कुणी कुणाचं मूळ उघड करू नये, हा तुमच्यात कायदाच आहे, मोठ्यांनी घालून दिलेला.

मी म्हणालो, "मग तो कायदा पाळ. हे पान काढून टाक. स्वतःच्या घरची लाज पदरचे पैसे घालून कोण छापतं?"

"लाज तिची नाही. विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची."

"आमच्यातही म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये."

"ऋषीचं आणि नदीचं. आणि बाईचं?"

"बाईचं असं काही नाही."

"कारण बाईचं कुणी विचारतच नाही. म्हणून म्हण करायची वेळ आली नाही."

मला चीड आली. मी वह्या ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि म्हणालो, बघू.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते झालं, ज्याचा राग मी आठ महिने पोसला. वॉनमधल्या एका हॉलमध्ये कुणाची तरी शोकसभा होती, तू माइकवर होतीस. नेहमीप्रमाणं पोरांना उभं करून विचारत होतीस, तुझ्या आईच्या आईचं नाव काय. ज्याला आलं त्याला टाळ्या. मग मी मागच्या दारानं पुस्तिकांचं खोकं घेऊन आलो आणि तू म्हणालीस, "आता आमचा प्रिंटर सांगेल."

दोनशे माणसं वळली. मी खोकं हातात घेऊन उभा.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

तू माइकवर म्हणालीस, "बघा, माझ्या शंभर आज्यांची नावं याला पाठ आहेत. स्वतःची एक नाही." लोक हसले. वाईट हसले नाहीत, मला कळतं. पण मी कधी कुणाला फुकट हसू दिलेलं नाही. खोकं तिथंच ठेवून निघून आलो.

तू फोन केलेस. सुनंदा घ्यायची आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "अहो, त्या विचारतायत, सातवी वही वाचलीत का."

"सांग, दुकानात गर्दी आहे."

"गर्दी कुठंय?"

"सांग म्हटलं ना."

एकदा ती म्हणाली, "बाई खोकतायत फार. बोला की दोन शब्द." मी बोललो नाही. मग फोन बंद झाले. मला वाटलं, मी जिंकलो. गप्प बसण्याच्या खेळात एकदा तरी तुला हरवलं. तू तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतीस आणि हे मला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्याजोगा मी कुणी उरलो नव्हतो.

फोन आबेनाचा आला, तुझ्या बहिणीच्या मुलीचा. "अंकल, आंटी गेली. बुकलेट तुम्हीच करायचं, असं लिहून ठेवलंय तिनं. आणि तिच्या वह्या तुमच्याकडे आहेत ना, त्या हव्यात."

त्या दुपारी दुकानाला आतून कडी घालून मी सातवी वही उघडली.

पहिल्याच पानावर तू त्या मुलीबद्दल लिहिलं होतंस. तुमच्यात जन्मवारावरून नाव ठेवतात. तिचा जन्मवार कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून ज्या वारी बाजारातून आणली त्या वाराचं नाव तिला दिलं, याआ, गुरुवारची. पुढं लिहिलं होतंस, 'तिचं खरं नाव', आणि मग वीतभर जागा. तिथे तू पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलं होतंस, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतंस. रबरानं कागद इतका पातळ झाला होता की पाठीमागची ओळ दिसत होती. खाली शाईनं, 'मी सगळ्यांना विचारलं. ज्यांना माहीत होतं त्या गेल्या. कदाचित तिनं कुणाला सांगितलंच नाही. म्हणून मी दिसेल त्या पोराला विचारत सुटते. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तरी राहावं.'

मावशी, तू मला हसत नव्हतीस. हे मला कळायला आठ महिने लागले आणि तुझा जीव जावा लागला.

आता तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही. मला ठाऊक होतं. माझ्या आईच्या आईचं नाव ठकू. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. नवऱ्यानं टाकली, मग ती एका हमालाजवळ राहिली, लग्नाशिवाय, आणि त्याच्यापासून माझी आई झाली. माझ्या आईच्या लग्नात मामांनी 'मुलीची आई वारली' असं सांगितलं. ती तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे जिवंत होती. आईनं आम्हाला ते नाव एकदाच सांगितलं आणि तोंडावर हात ठेवून दाखवला. पन्नाशी उलटली तरी तो हात माझ्या तोंडावरून निघाला नव्हता. तू दोनशे माणसांत विचारलंस तेव्हा मी नाव विसरलेलो नव्हतो. मी ते गिळलं. तुला वाटलं असेल याला माहीत नाही, आणि मी तुला तसंच वाटू दिलं. राग तुझ्यावर काढणं सोपं होतं.

आबेना वह्या न्यायला आली तेव्हा मी तिला म्हणालो, "आंटीला हे पान छापून हवं होतं. बुकलेटमध्ये घराण्याच्या हकीकतीत घालू."

ती वाचून खाली बसली. "नो, अंकल. मला हे माहीतच नव्हतं असं नाही. पण छापायचं नाही. कुमासीला माझी आई ज्या घरात राहते ना, ते आबुसुआचं घर आहे. उद्या कुणी हे पान हातात घेऊन म्हणालं की ही शाखा विकत घेतलेल्या बाईची, हिचा इथे हक्क काय, तर सत्तर वर्षांची माझी आई कुठे जाईल?"

"आंटीला हे कळत नव्हतं?"

"कळत होतं. आंटीला इथे पेन्शन होती. आईला नाही."

मी आयुष्यभर घासाघीस केली, पण यावर माझ्याकडे काही बोली नव्हती. तू जिवंत असतीस तर तुलाही मी हेच ऐकवलं असतं आणि तूही गप्प झाली असतीस, या वेळी खेळ म्हणून नव्हे. किंवा तुझ्याकडे उत्तर असतं. ते काय असतं, हे शोधत मी गेले महिनाभर गाडी चालवतो आहे.

शेवटी मी कारागिराचं हत्यार काढलं. मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात. तुझी एकतीस भरत होती. मी म्हणालो, "एक पान उरतं. घराण्याच्या तक्त्यातल्या याआच्या नावासमोरचं. तिथं काही नको, तसंच सोडू."

"तिथं आंटीचा अजून एक फोटो घालू या ना."

"फोटो चौदा झालेत."

तिनं तुमच्या घराण्याच्या प्रमुखांना फोन लावला, कुमासीला, स्पीकरवर. म्हातारबुवांचा आवाज खरखरत आला. "प्रिंटरला काय हवंय?"

"एक रिकामं पान, अंकल."

"त्याचे किती मागतो?"

"काही नाही म्हणतो."

"पैसे न मागणारा प्रिंटर? काय लपवतोय तो?"

"कुठल्या नावासमोर ते विचारा," मी मध्येच म्हणालो. आबेनानं त्यांना सांगितलं. मग पलीकडून इतका वेळ काही आलं नाही की तिला वाटलं, लाइन कट झाली. मग ते म्हणाले, "रिकामं म्हणजे रिकामं. एक अक्षर नको."

"एक अक्षर नाही," मी म्हणालो.

सातही वह्या मी तिच्या हातात दिल्या. झेरॉक्स मशीन माझ्या तीन पावलांवर होतं आणि वह्या कित्येक महिने माझ्याकडे होत्या. एकाही पानाची प्रत काढली नाही. पुस्तकाचं वर्षानंतर बघू, असं ती म्हणाली. माझ्या धंद्यात 'नंतर बघू'चा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. मीही तुला तेच म्हणालो होतो. इथेसुद्धा मी तुझं आडनाव, कुळ काही लिहिलेलं नाही. तुझं नाव अकोसुआ, म्हणजे रविवारी जन्मलेली, आणि तुमच्यात रविवारी जन्मलेल्या हजारो. तुला कुणी शोधू शकणार नाही. कायदा मोडला असेल तर माझ्यापुरता मोडला आहे.

शनिवारी हॉल भरला होता. सगळे काळ्या-लाल कापडांत, आणि मी माझ्या एकुलत्या एका सुटात, मागच्या ओळीत सुनंदाशेजारी. माइकवर कुणी पोरांना काही विचारलं नाही. तू नसल्यावर ते कोण विचारणार. पत्रं वाचली गेली, माझंही वाचलं, लोकांनी मान डोलावली. पोरं पानं उलटत होती. दोघातिघांनी रिकाम्या पानाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. एकानं मागं वळून विचारलंच, "मशीन बिघडलं होतं का?"

माझ्या पुढच्या ओळीत तुझ्याहून वयानं थकलेली एक बाई बसली होती, तुझ्या आईच्याच घराण्यातली, ओटावाहून आलेली. तिनं ते पान उघडून मांडीवर ठेवलं, तळहातानं सपाट केलं. मग मागं न बघताच हात माझ्याकडं केला, पेनसाठी. मी दिलं. दुसऱ्या हातानं आड करत तिनं काहीतरी लिहिलं. फार नाही, एखाद्या नावाएवढं. तिच्या खांद्यावरून मला सहज वाचता आलं असतं. मी वर छताकडं पाहत राहिलो.

पुस्तिका मिटून तिनं पर्समध्ये ठेवली. पेन मला परत न देता शेजारणीच्या हातात दिलं, आणि शेजारणीनं ते पान शोधायला सुरुवात केली.